रांजणवाडीची घाई, सुजेची ढिलाई

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या नेरमध्ये संध्याकाळी कुठल्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभं राहावं. तापाची गोळी, पोटदुखीची गोळी, खोकल्याची बाटली यांच्यामध्ये एक मागणी हमखास कानावर येते. "भाऊ, पोराचा डोया सुजला, एखादं ड्रॉप द्या ना." मागणारी बाई वावरातून थेट आलेली असते. पोरगं सोबत नसतं, ते घरी असतं. काउंटरवरचा भाऊ विचारतो, "चिपडं येतात का?" ती म्हणते, "सकाळी चिकटते जरासा." फळीवरून एक बाटली खाली येते, पैसे सरकतात आणि तपासणी संपते. डोळा कोणी पाहिलेलाच नसतो.

या प्रसंगात मला त्या बाईचा दोष दिसत नाही. दिवसभर वेचणी करून आलेल्या बाईनं यवतमाळ किंवा अमरावती गाठून डोळ्यांच्या डॉक्टरसमोर बसायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि घरचा सगळा दिवस पालथा. दुकानदारालाही मी वाईट ठरवणार नाही, त्याच्याकडे लोक येतात कारण तोच जवळ आहे. पण त्या दोन मिनिटांत एक उफराटा हिशेब घडतो आणि त्याबद्दलच मला लिहायचं आहे. पापणीला होणारा जिवाणूंचा संसर्ग बहुतेक वेळा इतका साधा असतो की त्याला औषधसुद्धा लागत नाही. क्वचित तो इतका घातक असतो की एक रात्र वाया घालवणं डोळ्याच्या, प्रसंगी जिवाच्या मुळावर येतं. आपण वागतो ते बरोबर उलटं. साध्या दुखण्यावर थेंब, मलम, गोळ्या यांचा मारा करतो आणि घातक सुजेला म्हणतो, पाहू उद्या. गरिबीकडे बोट दाखवून हे सोडून देता येत नाही, कारण साध्या दुखण्यावर उडणारा पैसा त्याच गरीब घरातून जातो. उणीव आहे ती ओळखण्याची. कोणती सूज घरात निभावायची आणि कोणती घेऊन तडक निघायचं, हे ओळखण्याची विद्या डॉक्टरांच्या खोलीत कोंडून ठेवण्याइतकी अवघड नाही. ती घराघरांत असू शकते आणि असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

आधी साध्या दुखण्याचं पाहू. पापणीच्या कडेला, केसाच्या मुळाशी लाल फुटकुळी येते. ठसठसते, डोळ्याची उघडझाप करताना टोचते. तीन-चार दिवसांत तिच्या टोकाशी पिवळा ठिपका दिसतो, मग ती फुटते, थेंबभर पू येतो आणि सगळं निवतं. ही रांजणवाडी. एवढ्याशा दुखण्याला मराठीनं स्वतःचं भारदस्त नाव दिलं आहे. लॅटिनमध्ये तिचं नाव जवाच्या दाण्यावरून पडलं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांचे ७६ रोग मोजले आहेत आणि त्यांतले २१ एकट्या पापण्यांचे आहेत. त्यांतली अंजननामिका म्हणजे ही तांबूस, टोचणारी, जळजळणारी पुळी. त्याच यादीत लगण नावाचा आणखी एक रोग आहे. तो म्हणजे कठीण, न पिकणारी, न दुखणारी गाठ. ग्रंथ जुना आहे याचं मला फारसं अप्रूप नाही. अप्रूप आहे ते या दोन गाठी वेगळ्या काढणाऱ्या नजरेचं. दुखणारी गाठ निराळी आणि न दुखणारी निराळी, हे त्या वैद्यांनी नुसत्या डोळ्यांनी पाहून आणि बोटानं चाचपून नोंदवलं. आज आपल्याकडे दोघींना एकच बाटली मिळते.

पापणी म्हणजे नुसती कातडीची झडप नव्हे. वरच्या पापणीत तीसेक आणि खालच्या पापणीत त्याहून थोड्या कमी उभ्या तैलग्रंथी रांगेनं बसवलेल्या असतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्यानं १६६६ साली त्यांचं नीट वर्णन केलं, म्हणून त्या त्याच्या नावानं ओळखल्या जातात. त्यांतून पाझरणारं तेल दुधावर साय धरावी तसं आसवांवर पसरतं आणि डोळा कोरडा पडू देत नाही. पापणीच्या केसांच्या मुळाशी आणखी बारीक ग्रंथी असतात. यांतल्या एखादीचं तोंड बुजलं, आतलं तेल थिजलं आणि तिथे स्टॅफिलोकॉकस जातीच्या जिवाणूनं बस्तान मांडलं की रांजणवाडी होते. हा जिवाणू काही कुणाच्या नजरेतून येत नाही. कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात आणि कातडीवर तो एरवीही सुखानं नांदत असतो. १८८० च्या सुमारास ॲबर्डीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा त्यांना या जिवाणूचे द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके दिसले. द्राक्षघोसाच्या ग्रीक शब्दावरूनच त्यांनी त्याचं नाव ठेवलं. नाकात गेलेलं बोट डोळ्याला लागतं, मळलेल्या पदरानं डोळा पुसला जातो, आणि तो नाकातून पापणीवर पोचतो. नजर लागण्याची गोष्ट इथे संपते. हात लागण्याची सुरू होते.

आत तेल थिजलं आहे, एवढं कळलं की उपचार आपोआप सुचतो. थंडीत तूप थिजलं की आपण बरणी उन्हात ठेवतो. पापणीलाही ऊबच हवी असते. स्वच्छ सुती फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवायचं, पिळायचं आणि मिटलेल्या पापणीवर ठेवायचं. ते दोन मिनिटांत गार होतं, पुन्हा बुडवायचं. असं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. शेकून झालं की धुतलेल्या बोटानं पापणीच्या कडेकडे अगदी हलकं चोळायचं, म्हणजे सैल झालेलं तेल वाट काढतं. पुळी दाबून फोडायची नाही. पापणीतला पू दाबला की बाहेरच येईल असं नाही, तो आतही पसरतो, आणि चेहऱ्याच्या या भागातल्या शिरांचा मेंदूकडच्या शिरांशी थेट संबंध आहे. काजळ, सुरमा काही दिवस बंद ठेवायचं. फडकं उकळून कडक उन्हात वाळवायचं आणि घरातल्या दुसऱ्या कुणी ते वापरायचं नाही. बहुतेक रांजणवाड्या एवढ्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत जातात.

हे वाचून कुणी म्हणेल, हे तर आमची आजी सांगायची. खरंच आहे, आजी सांगायची. तळहातावर बोट जोरात घासून ते गरम बोट पापणीला लावायची तिची रीत होती. ऊब द्यायची ही कल्पना अगदी बरोबर आहे. सुश्रुतानंही अंजननामिकेला आधी स्वेदनच सांगितलं आहे. चूक होती ती बोटाची. शेणामातीतून, चुलीपासून आलेलं न धुतलेलं बोट ऊब देतं आणि जिवाणूही देतं. लवंग उगाळून लावणं, लसणाची पाकळी चोळणं यांचा हिशेब वेगळा आहे. पापणीची कातडी अंगावरच्या सगळ्या कातडीत पातळ असते. तिथे लसणानं फोड येतो, आणि तो रस बुबुळावर उतरला तर जखम होते. म्हणून परंपरा सगळी घ्या किंवा सगळी फेका, या भांडणात मला रस नाही. शेक ठेवावा, बोट धुवावं, लसूण फोडणीत टाकावा.

इथे एक अस्वस्थ करणारी गोष्ट सांगायला हवी. वैद्यकातल्या पुराव्यांची कसून छाननी करणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं पापणीच्या आतल्या रांजणवाडीवरचे शस्त्रक्रियेवाचूनचे उपचार तपासायला घेतले. शेक, थेंब, मलम यांतलं काय खरोखर किती उपयोगी पडतं हे ठरवणारी एकही काटेकोर तुलनात्मक चाचणी त्यांच्या हाती लागली नाही. दुखणं जगभर, सगळ्या वयांत, सगळ्या थरांत होणारं, आणि त्यावर एक धड चाचणी नाही. याचा अर्थ शेक निरुपयोगी असा होत नाही. डॉक्टर तो अनुभवानं सांगतात आणि त्यानं अपाय होत नाही. पण थेंबांच्या बाटलीबद्दल आपल्याला जो भरवसा वाटतो, तोही पुराव्यावर उभा नाही, एवढं त्यातून नक्की निघतं. गरम पाण्याच्या फडक्यात कुणाचा नफा नसतो. कुणाचा नफा नाही त्याची चाचणी करायला पैसाही उभा राहत नाही. म्हणूनच अशा प्रश्नांवर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांनी काम करावं. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अख्ख्या जिल्ह्यातून रुग्ण येतात. एक शेक आणि एक बाटली यांची तुलना करायला फार मोठं यंत्र लागत नाही.

बाटलीबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. नुसत्या प्रतिजैविकाचे थेंब असते तर पैसे वाया गेले म्हणून हळहळलो असतो. पण डोळ्याच्या कितीतरी बाटल्यांत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड असतं. ते घातलं की लाली झपाट्यानं ओसरते, ठणका थांबतो, माणूस म्हणतो, वा, काय औषध आहे. अर्धी बाटली जपून ठेवली जाते. पुढच्या वेळी घरातल्या दुसऱ्याच्या डोळ्यात, दुसऱ्याच दुखण्यासाठी ती पडते. ते दुसरं दुखणं म्हणजे पऱ्हाटी उपटताना किंवा तूर कापताना बुबुळाला लागलेली काडी असू शकते. आपल्या शेतीच्या मुलखात अशा जखमेत बुरशी शिरते. बुरशीच्या जखमेवर स्टेरॉइड पडलं की ती आतल्या आत पसरते, आणि आपण म्हणतो, डोळ्यात फूल पडलं. असे थेंब महिनोन्महिने घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. कायद्यानं ही औषधं चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रतिजैविकांच्या वेष्टनावरच्या उभ्या लाल रेघेचा अर्थ लोकांना कळावा म्हणून केंद्र सरकारनं २०१६ साली मोहीमही काढली. रेघ वेष्टनावर आहे. ती काय सांगते, हे काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या बाईला अजून कुणी सांगितलेलं नाही.

२०२३ च्या जुलै-ऑगस्टात राज्यभर डोळे आले होते, ते आठवावं. ती साथ विषाणूंची होती. विषाणूंवर प्रतिजैविक चालत नाही. तरीही बाटल्यांचा खप झालाच. डोळा लाल की थेंब, डोळा सुजला की थेंब, ही सवय इतकी मुरली आहे की रोग कोणता हा प्रश्नच मध्ये उभा राहत नाही.

आणखी दोन-तीन गोष्टी रांजणवाडीच्या नावाखाली खपतात. पापणीच्या केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे, सकाळी चिकटलेले डोळे, दिवसभर खाज ही पापणीच्या कडांची जुनाट सूज. तिला रोजची निगा लागते. कोमट पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडानं कडा पुसणं हे दात घासण्यासारखं रोजचं काम आहे, चार दिवसांचं औषध नव्हे. न दुखणारी टणक गाठ महिनाभरात गेली नाही तर डॉक्टर छोटा छेद देऊन ती काढतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं. रांजणवाडी पुन्हा पुन्हा येत असेल तर साखर तपासून घ्यावी. कित्येकांचा मधुमेह आधी असाच कुठेतरी पू होऊन उघडा पडतो. आणि उतारवयात त्याच जागी परत परत गाठ येत असेल, तिथले पापणीचे केस झडले असतील, तर ती कितीही निरुपद्रवी दिसली तरी तिचा तुकडा तपासायला पाठवायला सांगावं. तैलग्रंथीचा कर्करोग अशीच सोंगं घेतो, आणि पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे बरंच जास्त आहे.

आता त्या दुसऱ्या सुजेकडे येतो. या लेखाचं खरं कारण तीच आहे.

पापणीच्या आत, कातडीच्या मागे, एक पातळ पण चिवट पडदा असतो. हाडाच्या खोबणीच्या कडेपासून तो पापणीपर्यंत ताणलेला असतो. निसर्गानं डोळ्यासाठी बांधलेलं हे कुंपणच. संसर्ग कुंपणाच्या अलीकडे असला तर पापणी लाल होते, फुगते, दुखते, पण आतला डोळा शाबूत असतो. कीटक चावून खाजवलेलं असेल, खरचटलं असेल किंवा रांजणवाडीच पसरली असेल, तर असं होतं. याला पोटातून औषध लागतं आणि डॉक्टरच्या नजरेखाली राहावं लागतं. संसर्ग कुंपणाच्या पलीकडे, डोळ्याच्या खोबणीत गेला की सगळं बदलतं. लहान मुलांत तो बहुतेक वेळा सर्दीतून जातो. नाकालगतच्या पोकळ्या आणि डोळ्याची खोबण यांच्यामधलं हाड कागदासारखं पातळ असतं. सर्दी झालेलं, ताप असलेलं पोर सकाळी उठतं ते एक डोळा सुजवून. घरचे म्हणतात, काहीतरी चावलं असेल. सुजलेल्या पापणीआड डोळा पुढे येऊ लागतो, हलवला की दुखतो, मग हलतच नाही, एकाचे दोन दिसतात, नजर अंधुक होते. पू डोळ्याच्या नसेला दाबतो. तिथून मेंदूकडे वाट मोकळी असते. प्रतिजैविकं यायच्या आधी या रोगात पाच-सहा जणांतला एक दगावत असे आणि कितीतरी जणांचा डोळा जात असे. आज शिरेतून औषध वेळेवर सुरू झालं तर मूल खडखडीत बरं होऊन घरी येतं. सगळा खेळ त्या 'वेळेवर' या शब्दाचा आहे.

ही सूज ओळखायला यंत्र लागत नाही. हात धुवायचे. मुलाला उजेडात बसवायचं. सुजलेली पापणी हळूच उघडायची. चांगला डोळा तळहातानं झाकून विचारायचं, माझी बोटं किती? मग बोट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे न्यायचं आणि डोळा मागोमाग येतो का ते पाहायचं. बाजूनं पाहून दोन्ही डोळे सारखेच पुढे आहेत ना, हेही बघायचं. अंगात ताप आहे का, पोर मलूल पडलं आहे का, उलट्या होताहेत का. यांतलं काहीही खटकलं, किंवा सुजेमुळे पापणी उघडतच नसली, तर बाटली नाही, शेक नाही, उद्या नाही. तसंच उठून ग्रामीण रुग्णालय, तिथून सांगतील तसं यवतमाळ. गाडी नसेल तर १०८. रविवार असो, पोळा असो.

आमच्याकडे डोळ्याची सूज आणखी एका वाटेनं येते आणि तिचा उल्लेख न करता नेरचा माणूस पुढे जाऊ शकत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले, काहींच्या डोळ्यांवरही परिणाम झाला. फवारा डोळ्यात उडाला की पापण्या सुजतात, आग होते. ते जिवाणूंचं काम नाही, तिथे थेंब शोधत बसायचं नसतं. वावरातच, लगेच, स्वच्छ पाण्यानं पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहायचं आणि मग दवाखाना गाठायचा. त्याच हातानं डोळा चोळला की आधी विष आणि मागून संसर्ग, अशा दोन्ही गोष्टी घडतात. पंपासोबत पिण्याच्या पाण्याखेरीज धुण्याच्या पाण्याचा एक वेगळा डबा वावरात न्यावा, ही साधी गोष्ट मजूर लावणाऱ्यानं आपली जबाबदारी मानली पाहिजे.

माझ्या म्हणण्यावर एक वजनदार आक्षेप आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतील, लोकांना अर्धवट ज्ञान देऊ नका. रांजणवाडी समजून घरी शेकत बसतील आणि खोबणीतला संसर्ग हाताबाहेर जाईल. प्रत्येक सुजलेला डोळा आमच्याकडे येऊ द्या. यामागची कळकळ मला मान्य आहे. पण प्रत्येक सुजलेला डोळा त्यांच्याकडे येतच नाही, हे वास्तव आहे. तो मेडिकलकडे जातो. माणूस आज ज्ञानाशिवाय निर्णय घेतोच आहे. ज्ञान दिल्यानं तो निर्णय घ्यायला लागेल असं नाही. शिवाय सगळे डोळे खरोखरच शहरात पोचले तर बाह्यरुग्ण विभागाची रांग रांजणवाड्यांनीच भरेल आणि तापानं फणफणलेलं पोर त्या रांगेत बाराव्या नंबरावर बसेल. साप चावला की काय करायचं हे आपण लोकांना शिकवतो. जुलाब झाले की मीठ-साखर-पाणी द्यायला शिकवलं, आणि कधी सलाइन लावायला न्यायचं तेही शिकवलं. त्या शिकवणीनं लेकरं वाचली. पापणीच्या सुजेबाबतच लोक अडाणी राहिलेले बरे, असं का मानायचं?

लोकांवर भरवसा ठेवून काय होतं याचा दाखला पापणीच्याच एका जिवाणूनं दिला आहे. खुपऱ्या हा पापणीच्या आतल्या अस्तराचा संसर्ग. क्लॅमिडिया जातीचा जिवाणू तो घडवतो. पापणीच्या आत दाणे उठतात, वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा संसर्ग होऊन व्रण पडतात, कड आत वळते आणि पापणीचे केसच बुबुळाला खरवडत राहतात. त्यातून अंधत्व येतं. एकेकाळी देशातल्या अंधत्वाच्या मोठ्या कारणांत खुपऱ्या होत्या. १९६३ साली त्यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, १९७६ साली तो अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात सामावला गेला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात खुपऱ्या ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही, असं मान्य केलं. यात औषधाचा वाटा आहेच, आत वळलेल्या पापण्यांच्या शस्त्रक्रियांचाही आहे. पण जगभर या रोगाविरुद्ध जी चार कलमं ठरली, त्यांतली दोन दवाखान्याबाहेरची आहेत. एक म्हणजे मुलांची तोंडं धुणं, दुसरं म्हणजे पाणी आणि संडास. माश्या, मळकं फडकं आणि एकाच पदरानं पुसलेली चार तोंडं यांच्याविरुद्धची ती लढाई होती, आणि ती आयांनी आणि शिक्षकांनी लढली. त्यांना डॉक्टर व्हावं लागलं नाही. काय पाहायचं आणि काय करायचं, एवढंच कळावं लागलं. तोंड धुवायला पाणी मात्र हवं. उन्हाळ्यात हंड्याची रांग लागते त्या वस्तीत 'पोरांची तोंडं धुवा' असं सांगणाऱ्यानं आधी नळाबद्दल बोलावं, नाहीतर त्याला बोलायचा अधिकार नाही.

एका बाबतीत मात्र मी घरगुती उपायाला जराही जागा देणार नाही. बाळ महिन्याच्या आतलं असेल आणि त्याच्या पापण्या सुजून पू येत असेल, तर तो प्रसंग तासांचा असतो. बाळंतपणाच्या वेळी आईकडून गेलेले काही जिवाणू नवजात बाळाच्या बुबुळाला एक-दोन दिवसांत भोक पाडू शकतात. १८८० च्या आसपास लाइपझिगमध्ये कार्ल क्रेडे यांनी जन्मल्याबरोबर बाळांच्या डोळ्यांत रौप्यक्षाराचा एक थेंब घालायला सुरुवात केली आणि त्यांच्या प्रसूतिगृहातला हा रोग जवळपास नाहीसा झाला. आपल्याकडे अजून बाळाच्या डोळ्यात अंगावरचं दूध पिळतात, काजळ भरतात. दृष्ट लागू नये म्हणून घातलेलं काजळ दृष्टीच घेऊन जाऊ शकतं. आशाताई बाळंतिणीच्या घरी पहिल्या बेचाळीस दिवसांत ठरलेल्या दिवशी जातात, बाळाचं वजन करतात, ताप पाहतात. नेर तालुक्यातल्या मोझर, माणिकवाडा, वटफळी अशा गावांत त्या बाळाच्या सगळ्यात जवळ पोचणारं प्रशिक्षित माणूस तीच. तिनं सुजलेली पापणी पाहून 'आत्ता चला' म्हटलं, तर घरच्या मोठ्यांनी तिचं ऐकावं. आणि सरकारनं तिला असा आवाज दिला असेल तर त्याजोगता मोबदलाही वेळेवर द्यावा.

बाकी जे करायचं ते अशाच जवळच्या माणसांकडून होणार आहे. शाळेत वर्षाला एकदा आणि अंगणवाडीत दोनदा आरोग्य तपासणीचं पथक येतं. त्या दिवशी पापणी उघडून पाहण्याचा आणि बोटं मोजण्याचा धडा मुलांसमोरच, मुलांकडूनच करून घ्यावा. मूल घरी जाऊन आजीला शिकवतं आणि आजी ऐकते. मेडिकलवाल्या भावांनी स्टेरॉइडची बाटली चिठ्ठीवाचून फळीवरून काढू नये आणि दोन प्रश्न जास्त विचारावेत: ताप आहे का? डोळा हलतो का? हे दोन प्रश्न एका पोराचा डोळा वाचवू शकतात, आणि त्यासाठी गिऱ्हाईक तुटणार नाही. उलट त्याचा त्या दुकानावरचा विश्वास वाढेल. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या वारी बसतात, हे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असावं. वार चुकला म्हणून परत आलेला माणूस पुन्हा जात नाही.

आणि हे वाचत असताना तुमच्या घरात एखाद्या लेकराची पापणी सुजलेली असेल, तर पुढच्या कामाला लागण्याआधी उठा. हात साबणानं धुवा, त्याला दाराशी उजेडात घ्या, पापणी हळूच उघडा आणि विचारा, "सांग पाहू बापू, बोटं किती?"